तेवीस आटे

मागच्या हिवाळ्यात दोन महिने मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. आमच्या जीपमधलं पाणी जातं कुठे? सकाळी रेडिएटरचं झाकण उघडून काठोकाठ भरायचं, चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून यायचं, इंजिन थंड झालं की पुन्हा झाकण उघडायचं, तर पाणी तीन बोटं खाली. फरशीवर एक थेंब नाही. मी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरून ठेवली, तीही कोरडीच्या कोरडी. नवऱ्याने चहा पिता पिता निकाल दिला, “उडून जात असेल.”

मला त्या उत्तराचा भयंकर राग आला. राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पदार्थ नाहीसा होत नाही, तो कुठेतरी जातो, हे फळ्यावर लिहून लिहून किती खडू झिजवले असतील त्याचा हिशोब नाही. आणि आता निवृत्त झाल्यावर माझ्याच दारातली जीप मला रोज खोटं पाडत होती.

जीप जुनी, डिझेलची. नवऱ्याची लासलगावजवळ थोडी शेती आहे, तिकडे जायला त्याला हीच लागते. दिवाळीच्या आधी सुरगाण्याहून तांदळाची पोती घेऊन येताना घाटात तिचा तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि हेड गॅस्केट जळलं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. खालचा भाग तो ब्लॉक. दोघांच्या मधे पातळ पत्र्यासारखं गॅस्केट, आणि वरून अठरा बोल्ट आवळून ते सगळं एकजीव केलेलं. एका बाजूला पेटणारं डिझेल, शेजारच्या वाटेने खेळणारं पाणी, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्कच झाले. इतकी वर्षं मी त्या आगीवर पाय ठेवून बसत होते आणि मला तिच्याबद्दल काडीचीही माहिती नव्हती.

गॅस्केट बदलायला जीप नेली ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं एकट्याचं गॅरेज आहे. बाहेर चहाची टपरी आणि एक लाकडी बाक, त्यावर कायम तीन-चार ड्रायव्हर बसलेले. मिस्त्री मूळचे लासलगावकडचे. बाजार समितीबाहेर कांद्याचे ट्रॅक्टर आणि पिकप दुरुस्त करता करता त्यांचा हात बसला. आता साठी उलटून गेली आहे. कामं ते सगळीच करतात, पण नाव आहे ते हेड आवळण्यात. सुरगाण्याच्या घाटात माणसं वाहणाऱ्या जीपवाले दुसरी दहा गॅरेजं ओलांडून त्यांच्याकडे येतात ते तेवढ्यासाठी.

मात्र वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा ग्लास धरला की चहा हलायचा. बाकावरचे लोक बघून न बघितल्यासारखं करायचे. आमचं हेड उघडलं त्या दिवशी मिस्त्री स्वतःच हसत म्हणाले, “मॅडम, आता ह्योच माझा पेपर. हे हेड गळलं ना, तर पाना ठिवून देईन. मंग समजायचं, हात गेला.”

मी म्हटलं, “काहीतरीच काय बोलता!” पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

तो दिवस मी सगळा तिथेच काढला. नवरा मला सोडून घरी गेला, कारण त्याला गाडी नीट होण्याशी मतलब. मला ती कशी नीट होते ते बघायचं होतं. मी एका उलट्या क्रेटवर बसले, वही काढली आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिला तासभर मिस्त्रींनी उत्तरं दिली. मग म्हणाले, “रिकामं बसण्यापरीस हे घासा,” आणि तारेचा ब्रश माझ्या हातात दिला.

बोल्ट ठेवायची त्यांची पद्धत मला फार आवडली. खोक्याचा एक पुठ्ठा घेऊन त्यावर त्यांनी हेडचा आकार काढला होता, आणि जिथे जिथे बोल्ट तिथे तिथे भोक पाडलं होतं. जो बोल्ट जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचायचा. परत बसवतानाही त्याच जागी. मी विचारलं, अदलाबदल झाली तर काय होईल? ते म्हणाले, “आपली चप्पल सोडून दुसऱ्याची घातल्यावर व्हतं तेच. चालतं, पण चावतं.”

त्या अठरांपैकी एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब होता. मागच्या बाजूचा, कोपऱ्यापासून दुसरा. मी लगेच विचारलं, हा असा का? तेव्हा मिस्त्रींनी मला सांगितलं की सगळे बोल्ट कोरड्या भोकात जात नाहीत. काहींची भोकं थेट पाण्याच्या वाटेत उघडतात, आणि हा लांबडा तर त्यात सगळ्यात खोल उतरतो. बोल्टाला जे गोल गोल आटे पाडलेले असतात, त्या आट्यांच्या घळीतून पाणी वर चढू शकतं. म्हणून पाण्यात जाणाऱ्या बोल्टांच्या आट्यांना पांढरी पेस्ट भरायची. ती सुकली की पाण्याची वाट बंद.

“बोल्ट कितीबी आवळा,” ते म्हणाले, “पेस्ट नसंल तर पानी आट्याआट्यानं चढत वर येतंच.”

पाणी जिन्यासारखं वर चढतं, ही कल्पना मला इतकी आवडली की मी पेस्ट लावायचं काम मागूनच घेतलं. मिस्त्रींनी एका बोल्टाला लावून दाखवली आणि बाकीचे माझ्यावर सोडले. मी ते अगदी प्रयोगशाळेतल्या शिस्तीने केले. मग चहा आला. चहा पिता पिता मी तो लांबडा बोल्ट हातात घेतला, त्याचे आटे मोजले, तेवीस भरले. ते वहीत लिहून घेतलं आणि बोल्ट पुठ्ठ्यावर त्याच्या जागी परत खोचला.

दुपारी हेड चढलं. मी एकेक बोल्ट हातात देत गेले, मिस्त्री बसवत गेले. मग त्यांनी एका लांब लाकडी पेटीतून टॉर्कचा पाना काढला. हा पाना ठरलेल्या जोराला टक् असा वाजतो, म्हणजे झालं, आता थांबा. आवळायला मधून सुरुवात करायची आणि बाहेरच्या बाजूला जायचं. एकदा थोडं, मग आणखी थोडं, मग पुरतं. अठरा बोल्टांचे तीन फेरे. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. पाना पकडेपर्यंत तो हात थरथरत होता, पण पाना बोल्टवर बसला आणि जोर लागला की थरथर थांबायची. टक्. पाना उचलला की पुन्हा थरथर. असं का होतं, हे विचारायचा मला मोह झाला. पहिल्यांदाच मी एक प्रश्न गिळला.

पेस्ट सुकायला गाडी एक दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी आम्ही ती घरी आणली आणि आठवडाभराने पाणी कमी व्हायला लागलं.

मी गाडी परत मिस्त्रींकडे नेली. त्यांनी सगळे पाइप चाचपले, पंप बघितला, रेडिएटर बघितला, हातातल्या बॅटरीचा उजेड पाडून हेडच्या कडेने बघितलं. काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा नेली तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा नवऱ्याला शेतावरून येताना वाटेत गाडीत दोनदा पाणी भरावं लागलं होतं आणि माझं डोकं फिरलेलं होतं. मिस्त्री बॉनेटमध्ये वाकून म्हणाले, “कायतरी बारीक हाय. सापडंल.”

मी म्हटलं, “बारीक वगैरे काही नाही. तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, हे एकदा कबूल करून टाका ना.”

बाकावर चौघेजण होते. त्यांच्यातल्या एकाने चहाचा ग्लास खाली ठेवला. मिस्त्री सरळ उभे राहिले, फडक्याला हात पुसले, आणि आत गेले. माझ्या तोंडून गेलेलं वाक्य माझ्याच कानाला कडू लागलं, पण मी ते परत घेतलं नाही. रागात माणूस खरं तेच बोलतो, अशी माझी तेव्हा समजूत होती.

नंतर कानावर आलं की मिस्त्रींनी हेडची कामं घेणं बंद केलं आहे. पंक्चर काढतात, तेल बदलतात. कोणी हेडचं काम घेऊन आलं की दुसरीकडे पाठवतात. मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, मला पाण्याची काळजी होती. आम्ही गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात दाखवली. तिथल्या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं की ब्लॉकला चीर असणार, इंजिन बदला नाहीतर गाडी भंगारात द्या. चीर कुठे आहे, असं मी विचारलं. “आत,” तो म्हणाला. पाणी उडून जातं म्हणणारा माझा नवरा आणि हा, दोघे एकाच शाळेत शिकले असावेत.

नवऱ्याने मग त्याच्या पद्धतीने इलाज केला. त्याच्या गावाकडे ट्रॅक्टरचा रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकतात. हळदीचे कण जाऊन बारीक भोकात बसतात आणि गळती थांबते. निदान बाजारातून घरी पोचेपर्यंत तरी. मला न विचारता या माणसाने माझ्या स्वयंपाकघरातून दोन मुठी हळद नेली आणि रेडिएटरमध्ये ओतली. तीही माझ्या बहिणीने घरी दळून पाठवलेली. चार दिवस पाणी खरोखरच कमी झालं नाही आणि हा घरभर छाती काढून फिरला. पाचव्या दिवशी पाणी पुन्हा उतरलं, शिवाय रेडिएटरच्या नळ्या तुंबून काटा वर चढायला लागला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आता गाडी भंगारात द्यायचीच, असं ठरलं. देण्याआधी निदान स्वच्छ तरी करू म्हणून मी एका सकाळी थंड इंजिनावर बसले. बसले म्हणजे बंपरवर स्टूल लावून अक्षरशः चढलेच. वायरींवर पिशव्या बांधल्या, बादलीत धुण्याचा सोडा कालवला, जुना टूथब्रश घेतला. खरं कारण स्वच्छतेचं नव्हतं. तेलकट काजळीच्या खाली ती चीर मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. गाडी भंगारात गेली असती तर तो प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा जन्मभर राहिला असता.

सोड्याचं पाणी टाकल्या टाकल्या रेडिएटरच्या तोंडाशी लाल रंग उमटला. मी दचकले, आणि मग हसले. हळद. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी हळदीच्या कागदावर साबण लावून दाखवायचे, आणि घरोघरी हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. तिथे लाल होणं साहजिकच होतं, नवऱ्याच्या मुठीतून तिथे सांडलीच होती.

मी पुढे घासत गेले. काळं निघत होतं, राखाडी लोखंड दिसत होतं. मागच्या बाजूला नळ्यांच्या आड हात पोचत नव्हता, म्हणून ब्रशने नुसतं पाणी शिंपडलं आणि मोबाइलचा उजेड पाडला. तिथे एका बोल्टाच्या डोक्याभोवती लालभडक गोल उमटला होता, कोणी बोटाने कुंकू लावावं तसा. आजूबाजूच्या बोल्टांना काही नाही. फक्त त्यालाच.

मी स्टुलावरच थबकले. हळद तर रेडिएटरमध्ये टाकली होती. इथे, हेडच्या वर, कोणी टाकली? कोणीच नाही. ती पाण्याबरोबर आतून आली होती. आट्याआट्याने चढत वर आली होती. पाणी गरम लोखंडावर आल्या आल्या सुकून जात होतं, म्हणून खाली थेंब पडत नव्हता, आणि हळद मात्र मागे राहत होती. ब्लॉकला चीर नव्हती. पाणी उडूनच जात होतं, नवरा म्हणत होता तसं, हे मला आणखी आठवडाभर त्याला सांगायचं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी सोड्याच्या हातांनीच फोटो काढला आणि रिक्षा करून मिस्त्रींकडे गेले.

ते टायरमध्ये हवा भरत होते. मी गेल्या दोन महिन्यांचं काही बोललेच नाही. नुसता फोटो समोर धरला आणि सगळं भराभरा सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला.

“कितवा हाय?”

“मागचा. कोपऱ्यापासून दुसरा.”

“म्हंजे ब्लॉक चांगला हाय.”

“अगदी चांगला!”

“गॅस्केट बी चांगलं.” त्यांनी फोन परत दिला. “म्हंजे माझाच बोल्ट ढिला ऱ्हायला. बरं झालं, कळलं तरी.”

माझ्या आनंदावर तिथेच पाणी पडलं. मी शोध लावला म्हणून नाचत आले होते, आणि त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे त्यांचा हात गेल्याचा पुरावा होता. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी ऐकलं नाही. लाकडी पेटीवरची धूळ झटकून त्यांनी ती काखेत मारली आणि म्हणाले, “चला. माझं मीच बघतो.”

आमच्या अंगणात त्यांनी आधी रेडिएटरचं पाणी सोडलं. पिवळं पाणी बघून नवऱ्याकडे एकदा बघितलं, तसा नवरा घरात गेला. मग ते बंपरवर चढले, पाना त्या बोल्टवर बसवला आणि हळूहळू जोर दिला. हात थांबला. टक्.

बोल्ट तसूभरही हलला नव्हता.

त्यांनी पुन्हा लावला. टक्. “घट हाय,” ते म्हणाले. आवाजात सुटका नव्हती, गोंधळ होता. “मंग पानी येतं कसं?”

आता आम्ही दोघेही तोच प्रश्न विचारत होतो. त्यांनी बोल्ट सैल करून बाहेर काढला. लांबडा बोल्ट. त्याचे आटे स्वच्छ होते, तळाशी थोडा गंज आणि घळींमध्ये पिवळी ओल. पेस्टचा कणही नाही. मग पाना लावून त्यांनी शेजारचा एक बोल्ट काढून बघितला. त्याच्या आट्यांत पांढरी पेस्ट दगडासारखी बसलेली होती.

मिस्त्री बंपरवरून खाली उतरले आणि पायरीवर बसले. “याला पेस्टच नाय लावली,” ते म्हणाले. “मीच इसरलो असंल. हात नाय मॅडम, डोकं गेलं. हाताचं चाललं असतं एक वेळ.”

मी म्हणणार होते की अहो, पेस्ट तुम्ही कुठे लावली, ती मी लावली. मी तर सगळ्यांना लावली होती, मला पक्कं आठवत होतं, या लांबड्यालाही. मग ती गेली कुठे? पदार्थ नाहीसा होत नाही. मी घरातून वही आणली. त्या दिवसाचं पान उघडलं. हेडचं चित्र, आवळण्याचा क्रम, पेस्ट का लावायची ते. आणि खाली माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: मागचा लांब बोल्ट, आटे तेवीस.

पेस्ट भरलेल्या बोल्टाचे आटे मोजता येत नाहीत.

मला सगळं दिसलं. चहाचा ग्लास क्रेटवर ठेवलेला, बोल्ट डाव्या हातात, आटे नीट दिसेनात म्हणून फडक्याने तो पुसलेला, नखाने एकेक आटा मोजलेला. मोजून झाल्यावर पेस्ट परत लावायची राहिली. तो मी जागेवर खोचला, नंतर मीच मिस्त्रींच्या हातात दिला, आणि त्यांनी मागच्या अंधारात हात घालून बसवला. क्षणभर, हे लिहायला लाज वाटते, पण क्षणभर मला वाटलं की वही मिटावी. या पानावर काय आहे ते माझ्याशिवाय जगात कोणालाही माहीत नव्हतं.

मिस्त्री पायरीवर बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

मी वही त्यांच्यापुढे धरली आणि सांगितलं. आधी नीट सांगता येईना, मग सांगता आलं. “पेस्ट मी पुसली. आटे मोजायला. चूक माझी आहे, आणि तुम्हाला मी त्या दिवशी जे बोलले ते तर त्याहून मोठी चूक.”

त्यांनी वही वाचली. मग बोल्ट उचलून नखाने आटे मोजले. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या मॅडम, होतं असं. ते तसं म्हणाले नाहीत.

“मी बी बघितला नाय बसवताना,” ते म्हणाले. “म्हटलं, मास्तरीणबाईंनी केलंय, त्यात काय बघायचं.” मग एकदम त्यांचा आवाज चढला, “दोन महिनं झालं मॅडम! दोन महिनं मी घरात कपबशी दोन हातानं धरतोय. बायकोला वाटतं, चहा गरम असतोय म्हणून.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

ते उठले, पेटी उचलली, आणि फाटकापाशी जाऊन थांबले. “त्या दिवशी बाकावर चौघं व्हते,” ते म्हणाले. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीपाशी गेले. चौघांपैकी तिघे होते. मिस्त्री आत काहीतरी शोधत असल्यासारखे पाठमोरे उभे होते. तीस वर्षं मी साठ-साठ मुलांसमोर न अडखळता बोलले आहे, पण त्या बाकासमोर मला पहिलं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. शेवटी म्हटलं, “आमच्या जीपचं हेड मिस्त्रींनी बरोबर आवळलं होतं. काल पाना लावून बघितला, बोल्ट तसूभर हलला नाही. पाणी आलं ते माझ्यामुळे. एका बोल्टची पेस्ट मी पुसून टाकली होती.”

त्यांच्यातल्या सुरगाण्याच्या एका जीपवाल्याने विचारलं, “काय म्हून पुसली?”

“आटे मोजायला.”

तो विचारात पडला. “मंग, किती भरले?”

“तेवीस.”

“तेवीस,” तो शेजारच्याला म्हणाला, आणि शेजाऱ्याने मान डोलावली. आतून मिस्त्रींच्या हसण्याचा आवाज आला. गेल्या दोन महिन्यांत मी तो ऐकला नव्हता, आणि तो ऐकून माझ्या जिवात जीव आला.

दुपारी ते आमच्याकडे आले. रेडिएटर उलटा करून धुतला, दोन्ही बोल्टांची भोकं फडक्याने कोरडी केली, वरून हवा मारली. मी पेस्टच्या ट्यूबकडे हात नेला. त्यांनी ती उचलून आपल्या खिशात घातली.

“मॅडम, विचारायचं ते विचारा,” ते म्हणाले. “पण हात मागं.”

मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. वर्गात बडबड करणाऱ्या मुलांना मी असंच उभं करायचे. मिस्त्रींनी थरथरत्या हाताने पेस्ट लावायला घेतली, आटा आटा करत, तळापासून वरपर्यंत. फार वेळ लागला. मग दोन्ही बोल्ट बसवले, पाना लावला, आणि तेव्हा मी इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारला. “पाना हातात आला की थरथर थांबते कशी?”

त्यांनी जोर दिला. टक्.

“मला काय माहीत,” ते म्हणाले. “मी कधी मोजायला गेलो नाय.”

आठवडाभराने मी त्या गल्लीतून जात होते. गॅरेजात एका पिकपचं हेड उघडलेलं होतं, आणि पुठ्ठ्यावर बोल्ट ओळीने खोचलेले. बाकावरच्या लोकांनी सरकून मला जागा केली. मी बसले नाही. दारातूनच बघत राहिले, हात पाठीमागे बांधून.